बायकोचा फ्रेंचमधला नवरा

माझ्या बायकोला फ्रेंचमध्ये एक नवरा होता. तो रविवारी पोहायला जायचा, संध्याकाळी स्वयंपाक करायचा, मासे त्याला विशेष जमायचे, आणि घरी येताना तो फुलं घेऊन यायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. पण बारामतीत, आमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी तो रोज सकाळी हजर असायचा. मी खाली बाथरूममध्ये दाढीचा फेस लावून उभा असायचो आणि वरच्या झरोक्यातून त्याचं कौतुक ऐकायचो.

हे सगळं कॅनडामुळे झालं. मी इंदापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी पावसाळ्यात मी नव्याने लागतो आणि उन्हाळ्यात आपोआप सुटतो. बायको एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासते. तिची नोकरी कायम आहे, आणि तिच्या वरची खुर्ची दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्यासाठी राखीव आहे, हेही कायम आहे. तेव्हा कॅनडाला जायचं तिनं ठरवलं आणि मी हो म्हणालो. तिकडे येऊ घातलेल्या माणसाला गुण देतात. शिक्षणाचे देतात, इंग्रजीचे देतात, आणि वयाचे दर वाढदिवसाला काढून घेतात. तिचे थोडे कमी पडत होते. फ्रेंच आली तर भरून निघणार होते. पुढच्या वाढदिवसाच्या आत फ्रेंचची परीक्षा निघाली तर फाईल जाणार, नाही तर कॅनडा संपला. एवढा सरळ हिशेब होता.

बारामतीत फ्रेंचचा एक क्लास आहे. पुढे इतरही झाले, पण तो पहिला. चालवणारे सर कधी फ्रान्सला गेलेले नाहीत, पण फ्लेक्सवरच्या फोटोत ते आयफेल टॉवरच्या इतके जवळ उभे आहेत, की टॉवर त्यांच्या खांद्याला लागतो. मे महिन्यातही ते कोट घालतात. नव्या बॅचच्या उद्घाटनाला त्यांनी एका साखर कारखान्याच्या संचालकांना बोलावलं होतं. आम्ही विद्यार्थ्यांचे नातेवाईक म्हणून मागच्या खुर्च्यांवर होतो. सरस्वतीच्या फोटोला हार घातला गेला. शेजारी आयफेल टॉवरचा फ्रेम केलेला फोटो होता आणि ताटात एक हार उरला होता. संचालकांनी क्षणभर विचार केला आणि तो टॉवरला घातला. मग हात जोडले. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कदी गेला?" नंतर संचालक बोलले. फ्रान्सने जगाला क्रांती दिली आणि अत्तर दिलं, आता आपल्या तालुक्याने फ्रान्सला काय दिलं पाहिजे याचा तरुणांनी विचार करावा, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. काय द्यावं हे त्यांनी सांगितलं नाही, पण द्राक्षं आणि डाळिंबं तिकडे आधीच जातात, हे बहुधा ते विसरले असावेत.

क्लास सुरू झाला आणि घरात प्रश्न यायला लागले. बायकोचं पुस्तक मी इंदापूरच्या एसटीत वाचायचो, त्यामुळे व्याकरणाचा सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू. टेबल स्त्रीलिंगी का? आपलं का नपुंसकलिंगी आहे, ते आधी सांग, मी म्हणायचो. तिकडे नपुंसकलिंग नाही, म्हणून आपलं सगळं 'ते' बिचारं दोन्हीकडे वाटून टाकलेलं असतं. पुस्तक पुरुषांकडे गेलं, पाणी बायकांकडे. मग शब्दांच्या शेवटची अक्षरं लिहून न उच्चारण्याचा प्रकार, त्यावर ती वैतागायची. मी म्हणायचो, आपण 'केलं' आणि 'गेलं'वर टिंब देतो आणि नाकातून काहीच काढत नाही. ते लोक टिंब देत नाहीत आणि सगळं नाकातून काढतात. फरक फक्त दिशेचा आहे. त्यांचा र घशाच्या तळाशी असतो, गुळण्या करताना सापडतो. ओठ शीळ घालायच्या बेताने गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं, की त्यांचा 'यू' निघतो. हे मी तिला आरशासमोर उभं करून शिकवलं. तिला दोन दिवसांत आलं. मला अजून येत नाही.

भूतकाळात क्रियापदं दोन गटांत का वागतात, हा सगळ्या बॅचचा प्रश्न होता. जाणं, येणं, जन्मणं, मरणं यांच्यासोबत एक साहाय्यक आणि खाणं, पाहणं, करणं यांच्यासोबत दुसरं. मी म्हणालो, हे तर आपल्यासारखंच आहे. ती गेली, ती आली, इथं क्रियापद तिचं ऐकतं. तिनं भाकरी खाल्ली, इथं ते तिचं ऐकत नाही, भाकरीचं ऐकतं. बायकोनं हे क्लासमध्ये जाऊन सांगितलं आणि सरांनी ते पुढच्या बॅचला स्वतःचं म्हणून शिकवलं. तेही मी सहन केलं.

नवऱ्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हाही प्रश्न एकीनं विचारला होता. सर म्हणाले, फ्रेंचमध्ये नवऱ्याला तू. बायको सांगत होती, त्यावर एक बाई म्हणाल्या, "मग सासूबाईंसमोर फ्रेंच नको बोलायला."

आमच्याकडे ती अडचण नव्हती. माझी आई आमच्याजवळ असते, पण तिचा आक्षेप वेगळाच होता. सत्तरला साठ-दहा आणि ऐंशीला चार-वीस म्हणतात हे सून घोकत असताना आई म्हणाली होती, "त्यात काय, चार इसाच की. आमी बी तसंच मोजायचो." त्यामुळे फ्रेंच भाषेबद्दल तिचं मत बरं होतं. पण एका सकाळी मी चहा घेत असताना ती छताकडे बघत म्हणाली, "ही रोज वर जाऊन कुनाशी बोलती रं?"

"परीक्षेची तयारी करते."

"मग हसती कशाला?"

मलाही ते जाणून घ्यायचं होतं. सकाळी नळाला पाणी आलं की मोटर लावून टाकी भरेपर्यंत वर थांबावं लागतं. तेवढा वेळ ती फोनमध्ये बोलून स्वतःचं रेकॉर्डिंग करायची आणि क्लासच्या ग्रुपवर पाठवायची. परीक्षेचा पहिला भाग स्वतःविषयी बोलण्याचा असतो. मों मारी, म्हणजे माझा नवरा, असं ती सुरू करायची. मग आवाजात एक गोडवा यायचा. इल प्रेपार ल दिने, तो रात्रीचं जेवण बनवतो. आणि हसायची.

मी काही मूर्ख नाही. तिथं कुणी नव्हतं हे मला माहीत होतं. पण असा विचार करा, रोज सकाळी तुमच्या डोक्यावर एक बाई एका पुरुषाचे गुण सांगते आहे, ती बाई तुमची आहे, आणि त्यातला एकही गुण तुमचा नाही. मला मासे करता येत नाहीत. पाण्यात मी टाचा भिजतील इतकाच उतरतो. एक दिवस मी जेवताना विचारलंच.

"तो पोहायला कुठं जातो?"

"कोण?"

"तुझा नवरा. गच्चीवरचा."

ती आधी हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "अहो, ते परीक्षेसाठी आहे. तिथं खरं-खोटं कुणी तपासत नाही. सर म्हणतात, जेवढे शब्द येतात तेवढ्यात नवरा बसवायचा."

"मला नाही बसवता आलं?"

"तासिका तत्त्वाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, सांगा."

मला आलं नाही.

"नेट-सेटला? तुमचा तो प्रबंध, त्याला? साहेबांनी वर्कलोड कापला, याला?" ती वाढता वाढता म्हणाली. "तुम्ही अवघड आहात. तो सोपा आहे."

आई भाकरी मोडत म्हणाली, "खरं हाय ते."

त्या आठवड्यात मी इंदापूरच्या स्टँडजवळून फुलांचा गुच्छ आणला. गुलाब होते, वर चकचकीत कागद. बायकोनं दार उघडलं, गुच्छ बघितला आणि विचारलं, "कुणाचा सत्कार आहे?" मी कॉलेजातल्या एका कार्यक्रमात उरला म्हणून सांगितलं. तिनं तो पाण्यात ठेवला. आमच्या भागात गुच्छ माणसाला देत नाहीत, पाहुण्याला देतात, आणि पाहुणा तो व्यासपीठावरच ठेवून जातो. गच्चीवरच्या माणसाला हे अडथळे नव्हते.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. म्हणजे वाचणं, ऐकणं, लिहिणं निघालं आणि बोलण्यात राहिली. कारण ऐकून मला हसू आलं आणि मी ते आवरलं. शाळेत असताना ती वक्तृत्व स्पर्धांमध्ये तालुक्यात पहिली यायची. कोऱ्हाळ्याला तिच्या माहेरी ते कप अजून कपाटात आहेत. सरांनीही बॅचला त्याच पद्धतीनं तयार केलं होतं: भाषण पाठ, सुरुवातीला अभिवादन, योग्य जागी हात वर, योग्य जागी स्मित. हसण्याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुण्याला परीक्षकापुढे ती छान बोलत होती. नवरा मासे करतो इथवर आली होती. तेवढ्यात त्याने सहज मध्येच विचारलं, कोणते मासे? आपल्याकडे स्पर्धेत मध्ये कुणी बोलत नाही. अडखळलं तर काय करायचं हे मात्र सगळ्यांना शिकवलेलं असतं. ती थांबली, हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, अभिवादनासकट. परीक्षकाने थोडं ऐकून पुन्हा विचारलं. ती पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपला तेव्हा नवरा तिसऱ्यांदा बाजारात निघाला होता.

दोन दिवस ती फोन खाली ठेवूनच गच्चीवर गेली. वाढदिवसाच्या आत आता एकच संधी उरली होती.

सरांनी यावर उपाय काढला तो सभाधीटपणाचा. बॅचमधल्या प्रत्येकानं लोकांसमोर फ्रेंच बोलायचं, असा कार्यक्रम त्यांनी एका रविवारी मंगल कार्यालयात ठेवला. बाहेर फ्लेक्स, आत टॉवर, या वेळी बिनहाराचा. विद्यार्थ्यांमध्ये बऱ्याच जणी लग्न झालेल्या होत्या, कुणाला कॅनडा, कुणाला भाषांतराचं काम, एकीला शाळेत शिकवायचं होतं. त्यांचे नवरे इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत बसले होते. फ्रेंच त्या रांगेत कुणालाच येत नव्हती. मला थोडी येत होती, आणि त्याचा मला त्या दिवशी जेवढा उपयोग झाला तेवढा आधी कधी झाला नव्हता.

पहिली उठली. तिचा नवरा रविवारी पोहायला जात होता. दुसरीचाही. तिसरीचा नवरा मासे फार चांगले करायचा. चौथी माळकरी घरातली होती, तिचाही नवरा मासे फार चांगले करायचा. मी रांगेकडे बघितलं. एकेक जण आपली बायको उठली की ताठ बसत होता आणि संपलं की जोरात टाळ्या वाजवत होता. सगळे पोहत होते. सगळे फुलं आणत होते. सरांनी एक नवरा लिहून दिला होता आणि तो पूर्ण बॅचला वाटला होता.

मला इतकं हलकं वाटलं, की मी शेजारच्या गृहस्थांकडे बघून हसलो. ते इंदापूर तालुक्यातले डाळिंबवाले होते. त्यांची बायको नुकतीच बोलून बसली होती.

"सर, तुमाला कळतं व्हय यातलं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"थोडं."

"माझ्याबद्दल काय म्हणली?"

"तुम्ही पोहायला जाता म्हणाल्या."

"म्या? मी कॅनॉलमदी पाय सोडून बसतो फक्त." ते जरा विचारात पडले. "आनि?"

"रोज संध्याकाळी स्वयंपाक करता."

त्यांनी पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या वडिलांच्या फेट्याकडे बघितलं. "हळू बोला," ते म्हणाले. "आबांच्या कानावर गेलं तर बागेवरच मुक्काम पडंल माझा."

मग माझी बायको उठली. मी आता निवांत होतो. नवरा आला, पोहला, भाजी आणली, मासे केले, सगळं छापील. मी टाळ्यांसाठी हात जवळ घेतले. आणि तिनं एक वाक्य जास्त म्हटलं. इल मेकूत. तो माझं ऐकतो. थोडं थांबून, या वेळी न हसता, संध्याकाळी तो विचारतो, दिवस कसा गेला, आणि मग ऐकतो.

ते कुणाच्याच नवऱ्यात नव्हतं. मी सगळ्यांचे नवरे ऐकले होते. ते तिनं घरून घातलं होतं.

टाळ्या सगळ्यांना पडल्या तेवढ्याच पडल्या. डाळिंबवाले म्हणाले, "वैनींचं झ्याक झालं. तुमच्याबद्दल काय म्हणल्या?" मी म्हणालो, पोहतो.

मला वाटतं, फुलं आणि मासे मला कधी लागलेच नव्हते. ते सरांचे होते, कोटासारखेच. पण हे वाक्य लागलं. मी विचारत नाही अशातली गोष्ट नाही. मी रोज विचारतो. इंदापूरहून आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो की माझा पहिला प्रश्न असतो, काय झालं आज? आणि तिचं उत्तर असतं, काही नाही. वर्षानुवर्षं काही झालेलंच नाही. आणि हा गच्चीवरचा टोणगा, याला ती काय सांगत होती?

ते मी तिला विचारलं नाही. परीक्षा जवळ आली होती.

परीक्षेच्या आदल्या रविवारी सर एका सत्काराला गेले होते, त्यांच्याच. सरावाला कुणी नव्हतं. दुपारी आई झोपली होती. बायको स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तुम्ही परीक्षक व्हा."

"मला कुठं बोलता येतं?"

"परीक्षक फार बोलत नाही. मध्येमध्ये तोडा फक्त. ते तुम्हाला जमतं." मग म्हणाली, "शर्ट घाला. परीक्षक बनियनवर नसतो."

मी शर्ट घातला. आम्ही ओट्याजवळच्या छोट्या टेबलाला समोरासमोर बसलो. ती वेगळीच दिसत होती. हात मांडीवर, मान ताठ, मला ओळखत नसल्यासारखी नजर. मी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. ती सुरू झाली. नाव, गाव, डेअरी, मग मों मारी. मी त्याला बाजारात जाऊ दिलं. मासेही करू दिले. संध्याकाळी तो विचारतो, इथं आली, आणि मी तोडलं. माझ्याजवळचे फ्रेंच शब्द गोळा करून विचारलं, आणि तुम्ही काय सांगता?

ती थांबली. हसली. मला वाटलं, आता अभिवादनापासून. तिच्याही ओठांवर ते आलं होतं. मग तिनं गॅसच्या शेगडीकडे बघितलं, आणि अगदी बारीक आवाजात, फ्रेंचमध्येच, म्हणाली, मी सांगते, काही नाही.

"पूर्क्वा?" मी विचारलं. का?

"इल एक्स्प्लिक," ती म्हणाली. कारण मग तो समजावून सांगतो.

माझ्याजवळ यावर सांगण्यासारखं खूप होतं, पण फ्रेंचमध्ये काहीच नव्हतं. भूतकाळाचे दोन्ही गट मला पाठ होते, एखादं वाक्य कुठं चुकलं ते मी सांगू शकत होतो, पण स्वतःची बाजू मांडण्याइतके शब्द नव्हते. मला एकच विचारता येत होतं. ए आप्रे? म्हणजे, आणि मग?

मग ती बोलली. पाठ केलेलं संपलं होतं, त्यामुळे वाक्यं लहान झाली. सोमवारी टँकर आला. दूध चांगलं नव्हतं. मी परत पाठवला. ए आप्रे? ड्रायव्हर ओरडला. सगळे आले. साहेब म्हणाले, मॅडम, पुन्हा बघा. मी पुन्हा बघितलं. तेच. साहेब म्हणाले, पुन्हा. ए आप्रे? मी नाही म्हणाले. टँकर गेला. सगळे गेले. मी खुर्चीवर बसले. मी डबा खाल्ला नाही. भाजी घरी आणली. घरी सांगितलं, भूक नव्हती.

मला ती भाजी आठवली. दोडक्याची होती. संध्याकाळी मीच ती खाल्ली होती, आणि मीठ कमी आहे असं म्हणालो होतो.

ती बोलत राहिली. दुधाला तिनं प्रत्येक वेळी स्त्रीलिंगी केलं. गेली आणि बघितलं यांची साहाय्यकं उलटीसुलटी झाली. मधे शब्द सापडेना तर ती हवेत हातानं टँकरचा आकार काढत होती. तो हात वक्तृत्वाचा नव्हता. मी काही दुरुस्त केलं नाही, परीक्षक दुरुस्त करत नाही. मी फक्त माझे दोन शब्द आलटून पालटून विचारत होतो, आणि ती त्या माणसाला सगळं सांगत होती, ज्याला तिच्या पगाराची तारीख, तिच्या साहेबांचं नाव, तिच्या भाजीतलं मीठ, काहीच माहीत नव्हतं. गच्चीवरच्याचा मला आता हेवा राहिला नव्हता. मला या शर्ट घातलेल्या परीक्षकाचा वाटत होता. माझ्याच खुर्चीत बसून तो ते ऐकत होता, जे मला इतकी वर्षं काही नाही या नावानं मिळत होतं.

ती थांबली तेव्हा पाणी प्यायली. मग मराठीत विचारलं, "कसं झालं?"

"वेळ केव्हाच संपून गेला होता."

"चुका?"

"पुष्कळ."

"सांगा ना."

"दूध पुल्लिंगी आहे."

"दूध?" ती म्हणाली. "अजब आहे." आणि दोडके निवडायला घेतले. टँकरबद्दल माझ्या तोंडात पहिलं वाक्य जे आलं होतं ते असं होतं, की मुळात तू साहेबांना लेखी द्यायला हवं होतं. ते मी गिळलं.

परीक्षेला आम्ही पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलो. मोरगावपर्यंत ती पुटपुटत होती, नंतर खिडकीबाहेर बघत बसली. परीक्षेच्या इमारतीच्या फाटकात नातेवाईकांना थांबवतात. समोर चहाची टपरी होती, तिथं माझ्यासारखे आणखी काही होते, हातात बायकांच्या पर्स आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसं झालं?"

"बरं झालं. बाई होत्या. मध्येच तोडलं त्यांनी."

"काय विचारलं?"

"नवऱ्याबद्दल."

"मग?"

"मग सांगितलं."

"कोणत्या?"

तिनं माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं, निम्मी संपवली. "बाईंना मी एकच नवरा सांगितला," ती म्हणाली. "खूप वेळ बोलले मी. पाठ केलेलं काहीच नाही आलं."

"अगं, पण कोणता?"

"आतलं बाहेर सांगायचं नसतं. सही घेतलीय त्यांनी."

मी म्हणालो, तो नियम प्रश्नपत्रिकेसाठी असतो, उत्तरांसाठी नसतो, आणि कायद्याच्या दृष्टीनं बघितलं तर उत्तर ही उमेदवाराचीच मालमत्ता असते, म्हणजे तत्त्वतः...

"बघा," ती म्हणाली. "लागलात समजावून सांगायला."

आम्ही पोहे खाल्ले. परतीच्या गाडीत ती झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि मी पूर्ण रस्ताभर त्या बाईंचा विचार करत होतो. त्या पन्नाशीच्या असतील की तरुण? त्यांनी ए आप्रे विचारलं असेल का? विचारलं असेल, तर त्यांचा र नीट घशातून आला असेल.

निकाल काही आठवड्यांनी आला. बोलण्यात तिला हवे होते त्याहून जास्त गुण मिळाले. तिनं लॅबमधून फोन केला, मी इंदापूरला तास संपवून व्हरांड्यात उभा होतो. "आलं," ती म्हणाली, आणि बोलण्यातले गुण दोनदा वाचून दाखवले. मी ते हजेरीपटाच्या मागे लिहून घेतले. वाढदिवसाच्या आत फाईल गेली. सरांनी तिचा फोटो फ्लेक्सवर लावला, टॉवरच्या दुसऱ्या खांद्याशी, आणि खाली पुढच्या बॅचची घोषणा. आईनं विचारलं, तिकडं थंडी किती असती. डाळिंबवाल्यांचा फोन आला. त्यांची बायकोही पास झाली होती. वैनींनी काय सांगितलं वो परीक्षेत, आमची काय बोलंना, असं ते विचारत होते. मी म्हणालो, आमचीही बोलत नाही.

निकालपत्र मी बऱ्याचदा बघितलं. त्यावर गुण असतात, पातळी असते, एक शिक्का असतो. कुणाबद्दल बोलली ते नसतं. ते पुण्यातल्या एका बाईंना माहीत आहे. त्या रोज अशा कितीतरी नवऱ्यांबद्दल ऐकत असतील, आणि आमच्याकडचा जो कोणी होता, त्याला त्या संध्याकाळच्या आत विसरूनही गेल्या असतील. मला त्याचाच जास्त त्रास होतो.